पर्यायी मोबाईल क्रमांक

दिवाळीनंतरच्या आठवड्यात, म्हणजे ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस, मी सांगलीच्या विश्रामबाग भागातल्या माझ्या भाड्याच्या घरासाठी एका मोठ्या ऑनलाइन दुकानातून पाच लिटरचा कुकर मागवला. तो ज्या दिवशी यायचा होता, त्या दिवशी सकाळी माझ्या पूर्वीच्या पतीचा संदेश आला : “तुझं पार्सल आज विश्रामबागेत पोहोचतंय म्हणे. घर घेतलंस का?” आमचा घटस्फोट होऊन तेव्हा सात महिने झाले होते. मी पुणे सोडल्याचे त्याला ठाऊक होते, परंतु सांगलीत नेमकी कुठे राहते हे मी त्याला सांगितलेले नव्हते आणि सांगायचेही नव्हते. त्याचा स्वभाव पाठलाग करण्याचा नाही, संदेशातही कुत्सितपणा नव्हता. आलेला मजकूर त्याने वाचला आणि विचारले, इतकेच. मी मात्र आधी आईला फोन केला, तूच सांगितले असशील म्हणून तिला नको ते बोलले, आणि नंतर तिची माफी मागावी लागली.

हे कसे घडले ते शोधायला फार वेळ लागला नाही. या दुकानातले खाते मी २०१६ साली कोथरूडच्या घरी असताना उघडले होते. दिवसा मी घरी नसे, म्हणून पत्ता भरताना ‘पर्यायी मोबाईल क्रमांक’ या रकान्यात त्याचा क्रमांक दिला होता. नऊ वर्षांनी सांगलीचा पत्ता भरताना त्या रकान्यात तोच क्रमांक आपोआप येऊन बसला, आणि मी पिनकोड व घर क्रमांक बरोबर आहेत ना एवढेच पाहून पुढे गेले. माल निघाल्याचा संदेश दोन्ही क्रमांकांवर गेला. त्यातला दुवा उघडला की परिसराचे नाव, पोहोचण्याची अंदाजे वेळ आणि माल आणणाऱ्याचा फोन एवढे सगळे दिसते. कोणी काही चोरले नव्हते, कुठून काही फुटले नव्हते. यंत्रणा तिला एकदा सांगून ठेवले होते तशीच वागली होती. फक्त सांगणारी बाई आता त्या घरात राहत नव्हती.

मी एका कर सल्लागाराच्या कार्यालयात जीएसटीची विवरणपत्रे भरते. मार्केट यार्डातले हळदीचे अडते, तासगावकडचे बेदाण्याचे व्यापारी, दोन-चार हार्डवेअरची दुकाने असे आमचे अशील आहेत. म्हणजे दिवसभर मी दुकानदाराच्या बाजूने नोंदी सांभाळते, आणि ‘माझे सगळे पुसून टाका’ असे गिऱ्हाईक म्हणाले की दुकानदाराच्या पोटात गोळा का येतो, हे मला चांगले समजते. पुढच्या अडीच महिन्यांत या समजुतीचा उपयोग झाला, तशीच तिने काही वेळा अडचणही केली.

त्याच संध्याकाळी मी खात्यातली पत्त्यांची यादी उघडली. अकरा पत्ते होते : कोथरूडचे घर, माझे जुने कार्यालय, साताऱ्याचे सासर, नागपूरला नणंदेचे घर, जिथे तिच्या बाळंतपणात पाळणा पाठवला होता, आणि महाबळेश्वरचे एक हॉटेलसुद्धा, कारण तिथे मुक्कामी असताना घरी विसरलेला चार्जर मागवून घेतला होता. त्यांतले नऊ मी काढून टाकले. सांगलीच्या पत्त्यातला पर्यायी क्रमांक खोडला आणि प्रोफाइलमध्ये माहेरचे नाव भरले. परंतु जुनी बिले, वॉरंटीची कागदपत्रे, परताव्याच्या पावत्या या सगळ्यांवर मी ‘सौ.’ लावून सासरच्या आडनावाने तशीच होते. राजपत्रात नावबदल छापून घेऊन, म्हणजे आपल्या बोलण्यात गॅझेट करून, आधार, पॅन आणि बँकेत माहेरचे नाव लागायला मला चार महिने लागले होते. दुकानाच्या दप्तराला त्याची खबर नव्हती. मदतीच्या खिडकीत यंत्राने मला सहा पर्याय दाखवले. त्यांत ‘माझी माहिती’ असा एकही नव्हता. ‘माझे पार्सल कुठे आहे’ हा मात्र पहिलाच होता, आणि त्या दिवशी तो प्रश्न मी सोडून दुसऱ्यालाच पडला होता.

या खटपटीत एक अधिक गंभीर गोष्ट लक्षात आली. खात्याचा मुख्य क्रमांक माझा होता, सिम माझ्या हातात होते, पण ते घेतले होते त्याच्या कागदपत्रांवर, घरातल्या सगळ्यांच्या एकत्रित प्लॅनमध्ये. दूरसंचार कंपनीच्या लेखी ग्राहक तो. उद्या सिम हरवले असे सांगून त्याने दुसरे घेतले, तर माझे ओटीपी त्याच्या हातात जातील, आणि त्यात कागदोपत्री काही गैरही ठरणार नाही. दुकान मला ओळखते ते ओटीपीवरून, ओटीपी येतो सिमवर आणि सिम ओळखते त्याला. म्हणजे माझ्या सगळ्या ऑनलाइन ओळखीचा पाया दुसऱ्याच्या आधारकार्डावर उभा होता. मी दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या नावावर नवा क्रमांक घेतला. जुना लगेच सोडून देणे मात्र शहाणपणाचे नव्हते, कारण बंद झालेला क्रमांक नव्वद दिवसांनंतर तिसऱ्याच माणसाला दिला जाऊ शकतो. म्हणून तो मी कुठे कुठे दिला आहे याची वही केली. नोंदी झाल्या ४३ : गॅस, वीज, दोन बँका, मुलीची शाळा, दातांचा दवाखाना, आणि चपलांची तीन दुकाने. चपलांच्या दुकानांना माझा क्रमांक कशासाठी हवा होता, हे मला आजही सांगता येणार नाही. बिल करताना मागितला आणि मी दिला. गिऱ्हाईकाने क्रमांक दिला नाही म्हणून त्याची अडवणूक करू नका, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच किरकोळ विक्रेत्यांना कळवले आहे. पण काउंटरवरच्या मुलीला ते ठाऊक नसते, तिचे यंत्र क्रमांकाशिवाय पुढे सरकत नाही, आणि आपल्या मागे रांग असते.

दुकानाला लिहायच्या पत्राचा माझा पहिला मसुदा एका ओळीचा होता : माझे खाते बंद करून माझी सर्व माहिती नष्ट करावी. तो पाठवायचा राहिला, याचे श्रेय माझ्या धाकट्या बहिणीला. ती श्टुटगार्टला असते. युरोपीय संघाचा जीडीपीआर हा व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या पंधराव्या कलमाखाली कोणीही कंपनीला ‘माझ्याविषयी तुमच्याकडे काय आहे’ असे विचारू शकतो, आणि कंपनीला साधारण महिनाभरात उत्तर द्यावे लागते. बहिणीने तिथल्या एका कपड्यांच्या दुकानाला असे पत्र लिहून स्वतःची माहिती मागवली होती. मी मसुदा वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, “ताई, आधी माग, मग पूस. पुसल्यावर काय मागे राहिलं ते तुला कोण सांगणार?” हे मला सुचायला हवे होते. साठा मोजल्याशिवाय गोदाम रिकामे झाले असे आम्ही कोणत्याही व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून लिहीत नाही.

प्रश्न होता तो कोणत्या आधारावर मागायचे हा. आपला डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, आणि त्याचे नियम नेमके याच सुमारास, नोव्हेंबर २०२५ मध्ये, अधिसूचित झाले. कलम ११ नुसार आपल्या माहितीचा गोषवारा आणि ती कोणाकोणाला दिली याची यादी मागता येते. कलम १२ नुसार दुरुस्ती करून घेता येते, पुसून घेता येते. सहाव्या कलमात तर असे म्हटले आहे की संमती काढून घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. परंतु ही कलमे लागू होण्यासाठी नियमांपासून अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे, म्हणजे मे २०२७. लग्नपत्रिका छापून झाली आहे, पण मुहूर्त पुढच्याच्या पुढच्या साली, असा हा प्रकार. तोवर हाताशी होते ते दोन जुने आधार. एक, २०२० चे ई-कॉमर्सचे नियम, ज्यांनुसार प्रत्येक ऑनलाइन दुकानाला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात निवारण करावे लागते. दुसरा, माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे नियम, ज्यांत माणसाला आपली दिलेली माहिती पाहण्याची, चुकीची असल्यास दुरुस्त करून घेण्याची आणि दिलेली संमती लेखी काढून घेण्याची तरतूद आहे.

पत्र मी मराठीत लिहिले; आमच्या सरांनी ते इंग्रजीत करून दिले, “लवकर वाचलं जाईल” म्हणून. नवा कायदा लागू झाला की संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा लागणार आहे. २०१६ साली मी ज्या अटींना मान्यता दिली होती त्या इंग्रजीत होत्या आणि मी त्या वाचल्या नव्हत्या. मराठीत असत्या तरी वाचल्या असत्या की नाही, याबद्दल मी छातीठोकपणे काही म्हणणार नाही. पत्रात मागण्या तीनच ठेवल्या : माझ्या खात्याशी जोडलेल्या सर्व नोंदींची प्रत द्यावी, त्या कोणाला दिल्या ते सांगावे, आणि पर्यायी क्रमांक जिथे जिथे आहे तिथून तो आजच काढावा. खाते बंद करण्याचा शब्दही काढला नाही. १७ नोव्हेंबरला पत्र गेले.

पोच दुसऱ्या दिवशी आली. पाचव्या दिवशी जे आले, त्याने मात्र मी थक्क झाले. ओळख पटवण्यासाठी त्यांनी माझ्या आधारकार्डाच्या दोन्ही बाजू मागितल्या. आधारवर नवे नाव, खात्यावर जुने, म्हणून मग राजपत्राची प्रत मागितली. आणि नावबदलाचे कारण स्पष्ट व्हावे म्हणून घटस्फोटाच्या हुकूमनाम्याचीही प्रत मागितली. म्हणजे माझ्याविषयी तुमच्याकडे किती माहिती आहे असे विचारायला गेले, तर आधी त्यात एवढी भर घाला, असे उत्तर मिळाले. कुटुंब न्यायालयाच्या त्या कागदात मुलीचा ताबा, पोटगी, दोघांचे पगार असे सगळे लिहिलेले आहे. कुकर विकणाऱ्याने ते वाचावे असे त्यात काही नाही. फोनवर जो मुलगा बोलला तो अतिशय सभ्य होता. तो पुन्हापुन्हा म्हणत होता, “मॅडम, तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे.” आणि खरे सांगायचे तर त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. माझ्या नावाने माझ्या पूर्वीच्या पतीनेच असे पत्र पाठवले असते आणि दुकानाने काही न विचारता माझी सगळी फाईल त्याला देऊन टाकली असती, तर मी याच दुकानावर दुप्पट संतापले असते.

तोड अशी निघाली. आधार मी दिले, पण झाकलेले. आधारच्या संकेतस्थळावरून अशी प्रत उतरवता येते, तिच्यात क्रमांकाचे पहिले आठ आकडे दिसत नाहीत आणि फक्त शेवटचे चार राहतात. राजपत्राचे पान दिले, कारण ते मुळातच जाहीर आहे. हुकूमनामा दिला नाही. त्याऐवजी मी सुचवले की खात्यावरच्या जुन्या क्रमांकावर आणि जुन्या ईमेलवर एकाच वेळी दोन वेगवेगळे ओटीपी पाठवावेत, आणि गेल्या वर्षभरातल्या कोणत्याही तीन खरेद्यांची रक्कम मला विचारावी. ईमेल पहिल्यापासून माझाच होता आणि त्याचा पासवर्ड फक्त माझ्याकडे होता. हे त्यांनी मान्य केले. तिसऱ्या खरेदीची रक्कम मला आठवली नाही, ती चालवून घेतली.

१३ डिसेंबरला फाईल आली. एक्सेलची, सात पानांची. पहिली चार पाने अपेक्षित अशीच होती : पत्ते, खरेदी, परतावे, देयके. मी ॲपमधून काढून टाकलेले नऊही पत्ते तिथे होते, समोर ‘निष्क्रिय’ असा शेरा. काढून टाकणे याचा अर्थ माझ्या डोळ्यांपुढून काढणे असा होता, हे मला त्या शेऱ्यावरून समजले. पाचव्या पानावर माल आणणाऱ्यांनी केलेल्या नोंदी होत्या. कोथरूडच्या पत्त्यापुढे लिहिले होते : बेल बंद, गेटवरून फोन करणे. त्याखाली : कुत्रा आहे. आम्ही कधीच कुत्रा पाळला नाही. तो समोरच्या बंगल्यातला असणार. पण नऊ वर्षे येणाऱ्या प्रत्येक माणसाला आमच्या दारात एक कुत्रा वाचायला मिळत होता.

सहाव्या पानावर मी कोण आहे ते लिहिले होते. विवाहित. कुटुंबात तीन माणसे. अपत्य एक, वय सहा ते नऊ. सवलतीला प्रतिसाद : जास्त. यांतले एकही मी त्यांना सांगितलेले नव्हते. मुलीचे वय त्यांनी कॅनव्हासच्या बुटांच्या मापावरून आणि इयत्ता दुसरीच्या सरावपुस्तकांवरून काढले असावे, आणि ते बरोबर होते. ‘विवाहित’ या शेऱ्यापुढे शेवटच्या पडताळणीची तारीख होती १२ ऑक्टोबर २०२५. त्या दिवशी मी दिवाळीसाठी उटणे, पणत्या आणि वडिलांसाठी एक कुर्ता मागवला होता. पुरुषाच्या मापाचा कुर्ता घरात येतो आहे, त्याअर्थी संसार शाबूत आहे, असा हिशेब कुठेतरी झाला असला पाहिजे. कुटुंब न्यायालयाच्या निकालापेक्षा बाबांच्या कुर्त्याचे वजन जास्त भरले.

सातवे पान होते उपकरणांचे. सहा फोन-संगणकांवर हे खाते उघडे होते, त्यांत एक टॅब्लेट त्याचा, आणि शेवटचा प्रवेश ९ नोव्हेंबरचा. म्हणजे पर्यायी क्रमांक खोडून मी निश्चिंत झाले होते, त्यानंतरही माझी प्रत्येक खरेदी आणि सांगलीचा पूर्ण पत्ता त्याला घरबसल्या दिसू शकत होता. मी एका बटणाने सगळी उपकरणे बाहेर काढली. हे बटण खात्याच्या सुरक्षेच्या पानावर पहिल्यापासून होते. ते दाबायला हवे हे मला कळले मात्र जवळजवळ महिनाभर पत्रव्यवहार करून मिळवलेल्या फाईलमुळे, आणि पहिल्या मसुद्याप्रमाणे खाते आंधळेपणाने बंद केले असते तर हे कधीच कळले नसते.

त्या दिवशी मला त्याचा भयंकर राग आला होता. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला : “वॉशिंग मशीनचं बिल मिळत नाहीये, ॲपमधून बाहेर पडलोय. मेकॅनिक वॉरंटीचा कागद मागतोय.” ९ नोव्हेंबरला त्याने त्याचसाठी खाते उघडले होते. मशीन कोथरूडच्या घरात, म्हणजे त्याच्या घरात; बिल माझ्या खात्यात. तेव्हा मी फाईल पुन्हा उघडून नीट वाचली. जिला मी इतके दिवस ‘माझी माहिती’ म्हणत होते, तिच्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश ओळी त्याच्या होत्या : त्याचा गुडघ्याचा पट्टा, त्याच्या वडिलांच्या श्रवणयंत्राचे सेल, त्याच्या कार्यालयातल्या कोणाच्या तरी निरोप समारंभाची भेटवस्तू. दुकानाने माझी ओळख पटवायला एवढा खटाटोप केला आणि मग दुसऱ्या एका माणसाची नऊ वर्षांची खरेदी त्याला न विचारता माझ्या हवाली केली. कायदा माहितीवरचा हक्क त्या माहितीतल्या माणसाकडे बघून ठरवतो; घरातले खाते तसे कधीच चालत नाही, ते ज्याच्या हाती फोन असेल त्याचे असते. त्याला विचारून मी त्याची ६१ बिले वेगळी केली, त्याच्या ईमेलवर पाठवली आणि माझ्याकडच्या प्रतीतून त्या ओळी काढून टाकल्या. मशीन दुरुस्त झाले.

आता पुसण्याची पाळी. दुकानाचे पहिले उत्तर ठरलेले होते : कायद्यानुसार नोंदी ठेवणे बंधनकारक असल्याने माहिती नष्ट करता येणार नाही. इथे माझा धंदा कामी आला. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. २०२३-२४ मधल्या बिलाचे विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२४ ला देय होते. तिथून ७२ महिने म्हणजे डिसेंबर २०३० अखेर. कंपनी कायद्याखाली हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे ठेवायची असतात. हे मी नाकारणार तरी कशी? रोज अशिलांना हेच सांगते, आणि बिले फाडून टाकणाऱ्यांवर रागावते. परंतु बिल म्हणजे काय, हेही मी रोज पाहते. नोंदणी नसलेल्या साध्या गिऱ्हाईकाला पन्नास हजारांच्या आतला माल विकला, तर त्याने स्वतः सांगितल्याखेरीज बिलावर त्याचे नाव आणि पत्ता लिहिण्याचीही सक्ती नाही. कर कोणत्या राज्याचा ते ठरण्यासाठी राज्याचे नाव पुरते. पर्यायी क्रमांक, कुत्रा, मुलीच्या बुटांचे माप आणि ‘विवाहित’ हा शेरा यांपैकी काहीही कोणत्याही कर अधिकाऱ्याने आजवर मागितलेले मला माहीत नाही. दुसऱ्या पत्रात मी फाईलमधली पाने क्रमाने घेतली : तिसरे आणि चौथे, म्हणजे परतावे आणि देयके, मुदतीपर्यंत ठेवा; दुसऱ्यातली बिले ठेवा, पण शोधलेल्या आणि न घेतलेल्या वस्तूंची यादी काढा; पहिले, पाचवे आणि सहावे पूर्ण काढा; सातव्याचे आता काही प्रयोजनच नाही. फाईल हातात नसती तर असे बोट ठेवून सांगणे मला शक्यच नव्हते. ‘सर्व माहिती नष्ट करा’ याला ‘शक्य नाही’ हे उत्तर देता येते. ‘पाचव्या पानावरचा कुत्रा काढा’ याला ते उत्तर देणे कोणालाही जरा जड जाते.

या सगळ्यात एकच काम असे होते ज्याला पत्रच लागले नाही, ते म्हणजे कार्ड. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने दुकानांना ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक साठवता येत नाही. त्यांच्याकडे असते ते टोकन, म्हणजे त्या एका दुकानापुरता चालणारा बदली क्रमांक, आणि ओळखीपुरते शेवटचे चार आकडे. मी बँकेच्या ॲपमध्ये गेले, कोणकोणत्या दुकानांकडे माझ्या कार्डाचे टोकन आहे त्याची यादी तिथे तयारच होती, आणि एकेक रद्द केले. चहा निवायच्या आत संपले. यादी आधी, पुसणे नंतर, आणि दोन्ही माझ्या हातात. दुकानाची परवानगी मागायची गरजच उरली नव्हती. गिऱ्हाईकाने आपली नोंदवही स्वतःकडे ठेवावी आणि दुकानांनी तिच्यात डोकावण्यासाठी त्याच्या अटी पाळाव्यात, हा विचार अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या बर्कमन केंद्रात पत्रकार डॉक सर्ल्स यांनी २००६ पासून मांडला. तेव्हा तो कित्येकांना स्वप्नरंजन वाटला असेल, पण कार्डाच्या बाबतीत तो माझ्या बँकेच्या ॲपमध्ये येऊन बसलेला आहे. बँकखात्यांच्या माहितीसाठी आपल्याकडे अकाउंट ॲग्रीगेटर आहेत, म्हणजे आपल्या संमतीने ती माहिती एका संस्थेकडून दुसरीकडे पोहोचवणारे मध्यस्थ. नव्या कायद्यात संमती व्यवस्थापक नावाची तशीच एक नोंदणीकृत संस्था येऊ घातली आहे, जिच्यामार्फत दिलेल्या संमती एका जागी बघता आणि मागे घेता येतील. ती आली की माझी ४३ नोंदींची वही जुनी होईल का, हे बघायचे.

१२ जानेवारीला उत्तर आले : मागणी केल्याप्रमाणे नोंदी काढल्या आहेत, बिले कायदेशीर मुदतीपर्यंत स्वतंत्र ठेवली जातील, आणि खाते बंद झाले आहे. मी पुन्हा प्रत मागितली. या वेळी दोनच पाने आली.

त्याच दुकानात मी नवे खाते काढले, कारण सांगलीत त्या मापाची कुकरची रिंग मिळेना. नाव माहेरचे, क्रमांक माझ्या नावाचा, पार्सलसाठी पत्ता कार्यालयाचा. ईमेलमध्ये माझ्या नावापुढे अधिकचे चिन्ह टाकून दुकानाची खूण जोडली. पत्र माझ्याच पेटीत येते, पण उद्या त्या खुणेच्या पत्त्यावर तिसऱ्याच कोणाची जाहिरात आली तर ती कुठून गेली ते कळेल. जन्मतारीख विचारली, ती रिकामी सोडली; खाते तरीही उघडले. पर्यायी मोबाईल क्रमांकाच्या रकान्यात काहीच भरले नाही.

रिंग निघाली त्या दिवशी दुपारी त्याने मला एक स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिले : “हे अजून येतंय. मी काही केलेलं नाही.” माल निघाल्याचा संदेश होता, या वेळी थेट कुरिअर कंपनीचा. दुकानाने आपली वही पुसली होती, पण कुरिअरवाल्यांनी मागच्या पार्सलच्या वेळी माझे नाव आणि दोन्ही क्रमांक स्वतःच्या वहीत उतरवून घेतले असणार, आणि नव्या पार्सलवर नाव व गाव जुळताच जुनी नोंद वर आली असणार. ते माझे दुकानदार नाहीत, मी त्यांच्याकडून कधी काही विकत घेतलेले नाही, त्यांच्या कोणत्याही अटींना मान्यता दिल्याचे मला आठवत नाही. त्यांच्या संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल सापडायला अर्धा तास गेला. पत्र या वेळी चार ओळींचे झाले आणि मराठीतच पाठवले. त्यात काही पुसा असे लिहिलेले नाही. माझ्याविषयी तुमच्याकडे काय काय आहे त्याची प्रत द्या, एवढेच लिहिले आहे.